नारळ फोडून झाला, पुढचं काय? एअर डेक्कनची गोष्ट, सिनेमा संपतो तिथून

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या रविवारी घरी टीव्हीवर 'सरफिरा' लागला होता. अक्षय कुमारचा. गावाकडचा एक मराठी माणूस, म्हात्रे त्याचं आडनाव, हट्टाने विमानकंपनी काढतो आणि गरिबाला विमानात बसवतो, अशी गोष्ट. शेवटी विमान उडतं, गाव रडतं, आपणही रडतो. सिनेमा संपल्यावर माझा अकरावीतला पुतण्या मोबाईल घेऊन बसला. पाच मिनिटांनी म्हणाला, "काका, या कंपनीचं तिकीट कुठल्याच ॲपवर दिसत नाही."

म्हटलं, दिसणार कसं? ती कंपनी राहिलीच नाही.

"का? सिनेमात तर यशस्वी झाली होती."

त्या पोराने एका वाक्यात जे विचारलं, ते आपल्याकडे कुणी विचारत नाही. आपल्या जळगावच्या विमानतळावर आजवर जेव्हा जेव्हा नवीन विमान उतरलं, तेव्हा आपण हार घेऊन गेलो, पेढे वाटले, फोटो काढले. वर्षा-दोन वर्षांनी ते विमान यायचं थांबलं, तर वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी. म्हणून आज सिनेमा जिथे संपतो, तिथून पुढची गोष्ट सांगतो. ती आपल्या खिशाशी आणि आपल्या गावाशी जोडलेली आहे.

आधी खरा माणूस. सिनेमातला म्हात्रे खऱ्या आयुष्यात कॅप्टन जी. आर. गोपीनाथ. कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातल्या गोरूर गावचे. लष्करात होते, 1971 चं युद्ध पाहिलेलं. अठ्ठाविसाव्या वर्षी नोकरी सोडली आणि शेती करायला लागले. रेशीम शेतीतल्या प्रयोगांसाठी 1996 मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. मग हेलिकॉप्टर भाड्याने देणारी कंपनी काढली आणि 2003 च्या ऑगस्टमध्ये एअर डेक्कन सुरू केली. अठ्ठेचाळीस आसनांची, पंख्याची एटीआर विमानं घेऊन.

सुरुवातही कशी झाली पाहा. हैदराबाद-विजयवाडा मार्गाच्या उद्घाटनाच्या उड्डाणात धावपट्टीवरच इंजिनाला आग लागली. विमानात वेंकय्या नायडूंसारखे बडे नेते बसलेले. सगळे सुखरूप बाहेर आले, पण दुसरा कुणी असता तर त्याच दिवशी दुकान बंद करून शेतावर गेला असता. हा माणूस टिकला.

तो का टिकला, हे समजून घ्यायचं तर 2003 मधलं विमान आठवायला हवं. विमानाने कोण जायचं? मंत्री, कंपन्यांचे साहेब, आणि परदेशातून आलेला कुणाचा तरी जावई. सगळ्या देशात मिळून वर्षाला दीड कोटीच्या आसपास लोक देशांतर्गत विमानाने जात. गोपीनाथांनी ठरवलं की माझा प्रवासी विमानातून उतरवून आणायचा नाही, तो रेल्वेतून आणायचा. कंपनीचं चिन्ह म्हणून त्यांनी थेट आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्याचा कोट घातलेला 'कॉमन मॅन' घेतला. याहून स्पष्ट काय सांगायचं?

आणि मग प्रत्येक गोष्टीत काटकसर. जेवण फुकट नाही, पाणी हवं तर विकत घ्या. कागदी तिकिटाची भानगड नाही. तिकीट इंटरनेटवर घ्या, फोनवर घ्या, नाहीतर पेट्रोल पंपावर घ्या. हो, हिंदुस्तान पेट्रोलियमच्या पंपांवरही एअर डेक्कनची तिकिटं मिळत. आसन क्रमांक नाहीत, जो आधी पोचेल त्याची खिडकी. आमचे एक मामा 2006 मध्ये बंगळूरला गेले होते तिने. त्यांनी आत शिरताच मागच्या भाच्यासाठी शेजारच्या आसनावर रुमाल टाकला. हवाई सुंदरी बघतच राहिली. एसटीत हयात गेलेल्या माणसाला ते विमान लगेच आपलं वाटलं.

काही तिकिटं तर एक रुपयाला काढली होती. वर विमानतळाचे कर वेगळे, पण मूळ भाडं एक रुपया. लोक हसले, मोठ्या कंपन्या चिडल्या, आणि मग नाइलाजाने त्यांनीही भाडी उतरवली. एअर डेक्कनने सगळ्यात मोठं काम केलं ते हे. तिच्या विमानात कधीही न बसलेल्या माणसाचंही तिकीट तिच्यामुळे स्वस्त झालं. 2007 पर्यंत देशातल्या प्रवाशांचा वार्षिक आकडा चार कोटींच्या वर गेला. त्याचं सगळं श्रेय एका कंपनीचं नाही, पण दार कुणी ढकललं ते सगळ्यांना माहीत आहे.

तोपर्यंत डेक्कनकडे चाळीसहून जास्त विमानं आणि साठहून जास्त शहरं झाली होती. चार वर्षांत! हुबळी, मंगळूर, विजयवाडा, राजमहेंद्री अशी कितीतरी मधली गावं नकाशावर आली.

इथे सिनेमा संपतो. आता हिशेबाची वही उघडू.

विमानकंपनीचा धंदा म्हणजे आमदनी रुपयात आणि खर्च डॉलरात. विमान भाड्याने घेतलेलं, भाडं डॉलरमध्ये. सुटे भाग डॉलरमध्ये. इंजिनाची मोठी दुरुस्ती परदेशात, तीही डॉलरमध्ये. इंधनाचा भाव जगाच्या बाजारावर ठरतो आणि वर आपल्याकडे राज्याराज्यांचा कर. एकूण खर्चातला तीस-चाळीस टक्के वाटा एकट्या इंधनाचा. डेक्कन सुरू झाली तेव्हा कच्चं तेल पिंपाला तीस डॉलरच्या आसपास होतं. जुलै 2008 मध्ये ते 147 डॉलरपर्यंत गेलं. आता सांगा, एक रुपयाच्या तिकिटात हे कुठे बसवायचं?

त्यात आसन ही साठवता न येणारी वस्तू. जळगावच्या माणसाला हे केळीवरून लगेच कळेल. केळीचा घड तरी दोन दिवस थांबेल, सुटलेल्या विमानातलं रिकामं आसन दोन मिनिटंही थांबत नाही. म्हणून कंपनीला वाटतं, रिकामं जाण्यापेक्षा स्वस्तात विका. सगळ्यांनीच तसं केलं की सगळ्यांचाच भाव पडतो. 2005-06 मध्ये किंगफिशर, स्पाइसजेट, गोएअर, इंडिगो अशा चार कंपन्या दीड वर्षाच्या आत मैदानात आल्या. वैमानिक तेवढेच, अभियंते तेवढेच, विमानतळांवर जागा तेवढीच. पगार वाढले, भाडी घसरली.

डेक्कनच्या स्वतःच्या चुकाही होत्या, त्या झाकायच्या कशाला? वाढण्याची घाई झाली. गाव जोडायचं म्हणून एटीआर आणि महानगरं जोडायची म्हणून एअरबस, अशी दोन जातींची विमानं. म्हणजे दोन प्रकारचे वैमानिक, दोन प्रकारचे सुटे भाग, दोन प्रकारचं प्रशिक्षण. विमानं उशिरा सुटायची, उड्डाणं रद्द व्हायची. ज्या सामान्य माणसाला विमानात बसवलं, तोच विमानतळाच्या फरशीवर बसून राहायचा. इंडिगोने याच्या अगदी उलट केलं. एकाच जातीचं विमान धरलं, वेळ पाळली आणि सुरुवातीची बरीच वर्षं छोट्या गावांकडे पाहिलंसुद्धा नाही. आज ती कुठे आहे ते आपण पाहतोच.

पैसा उभा करायला डेक्कन 2006 च्या मे महिन्यात शेअर बाजारात गेली. नेमका तेव्हाच बाजार कोसळत होता. भागविक्रीची किंमत उतरवावी लागली, मुदतही वाढवावी लागली. पैसे आले, पण भट्टी एवढी मोठी होती की ते पुरणार नव्हते. विमानं भरलेली आणि तिजोरी रिकामी, अशी अवस्था.

मग 31 मे 2007. विजय मल्ल्या यांच्या गटाने डेक्कनचे 26 टक्के भाग 550 कोटी रुपयांना घेतले. पुढे हिस्सा आणखी वाढवला. मल्ल्यांना डेक्कनमध्ये काय हवं होतं? विमानं, जागा, मार्ग हे तर होतंच. पण आणखी एक गोष्ट होती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे भारतीय कंपनीला परदेशात उडायचं तर देशात पाच वर्षं पूर्ण झालेली हवीत आणि ताफ्यात वीस विमानं हवीत. किंगफिशर 2005 ची. डेक्कन 2003 ची, म्हणजे ऑगस्ट 2008 मध्ये तिची पाच वर्षं भरत होती. सप्टेंबर 2008 मध्ये किंगफिशरचं बंगळूर-लंडन विमान सुटलं.

म्हणजे गोरगरिबांसाठी काढलेल्या कंपनीचं वय लंडनच्या उड्डाणासाठी वापरलं गेलं. यात बेकायदा काही नाही. पण जे झालं ते हे झालं.

कागदावरची गंमत तर वेगळीच. विलीनीकरणात डेक्कनचीच मूळ कंपनी शिल्लक ठेवली आणि तिचं नाव बदलून किंगफिशर केलं. एअर डेक्कन या नावाचं आधी 'सिम्प्लिफ्लाय डेक्कन' झालं, मग 'किंगफिशर रेड'. कॉमन मॅन गेला. स्वस्त विमानाला श्रीमंत विमानाचे कपडे घातले. खर्च वाढला, भाडं वाढवता येईना. प्रवाशाला कळेना की आपण कुठल्या विमानात बसलोय. 2011 मध्ये मल्ल्यांनी किंगफिशर रेड बंद करत असल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबर 2012 मध्ये अख्ख्या किंगफिशरचा परवाना निलंबित झाला. बँकांचे हजारो कोटी आणि कर्मचाऱ्यांचे महिनोन्महिन्यांचे पगार त्यात अडकले. मार्च 2016 मध्ये मल्ल्या देशाबाहेर गेले. पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

एक गोष्ट लक्षात घ्या. पहिली एअर डेक्कन प्रवासी नव्हते म्हणून बुडाली नाही. प्रवासी रांगा लावून उभे होते. वाढण्यासाठी लागणारा पैसा दुसऱ्याचा होता, इंधनावरचा ताबा तिसऱ्याचा आणि नियम चौथ्याचे. त्यात स्वतःची घाई. छोट्या कंपनीचं असंच होतं. ज्या दिवशी ती यशस्वी दिसायला लागते, त्याच दिवशी तिला दम लागायला सुरुवात झालेली असते.

ही एकटी डेक्कनची कहाणी नाही. नव्वदच्या दशकात आपल्या मुंबईतूनच ईस्ट-वेस्ट उडाली, दमानिया उडाली. तिकडे मोदीलुफ्त, एनईपीसी. त्यांचीही कौतुकं झाली होती. दहा वर्षांच्या आत सगळ्या इतिहासजमा. नंतर एप्रिल 2019 मध्ये जेट थांबली, मे 2023 मध्ये गो फर्स्ट थांबली. या दोन तर छोट्याही नव्हत्या.

आता गोष्ट आपल्या दारात येते.

आपल्या विमानतळाचं उद्घाटन मार्च 2012 मध्ये झालं, तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते. आपल्या जिल्ह्याची लेक राष्ट्रपती आणि आपल्या जिल्ह्याला विमानतळ, केवढा अभिमान होता! पण नियमित विमानासाठी आपण पाच वर्षांहून जास्त वाट पाहिली. 2016 मध्ये केंद्राने 'उडान' योजना आणली. तासाभराच्या उड्डाणासाठी निम्म्या आसनांचं भाडं साधारण अडीच हजारांच्या मर्यादेत ठेवायचं, कंपनीला जो तोटा होईल तो सरकार तीन वर्षं भरून देईल, राज्यही त्यात वाटा उचलेल, अशी कल्पना.

आणि डिसेंबर 2017 मध्ये मुंबईहून जळगावला जे विमान आलं, त्यावर नाव काय होतं? एअर डेक्कन! गोपीनाथांनी तेच नाव पुन्हा बाहेर काढलं होतं. या वेळी एकोणीस आसनी वर्गातली बीचक्राफ्ट विमानं. मधल्या काळात त्यांनी नागपूर केंद्र ठेवून 'डेक्कन 360' ही मालवाहतूक कंपनीही काढून पाहिली होती, ती 2011 मध्ये थांबली. तरी माणूस पुन्हा उभा राहिला, याला दाद द्यायलाच हवी.

पण दाद देऊन विमान उडत नाही. मुंबई, नाशिक, पुणे, जळगाव, कोल्हापूर असं जाळं विणायचं होतं. उड्डाणं नियमित होईनात. आज आहे, उद्या नाही. मुंबईत उतरायला सोयीची वेळ मिळणं अवघड. आणि का मिळावी? मुंबईची धावपट्टी देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या धावपट्ट्यांपैकी. ज्या पाच मिनिटांत अठरा माणसांचं विमान उतरतं, त्याच पाच मिनिटांत दोनशे माणसांचं उतरू शकतं. विमानतळ चालवणारा कुणाला जागा देईल? प्रवाशांचा विश्वास गेला, मार्ग हातचे गेले, आणि एप्रिल 2020 मध्ये करोनाच्या टाळेबंदीत दुसरी एअर डेक्कनही थांबली. कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवलं.

मध्ये ट्रूजेट येऊन गेली. हैदराबादची. 27 एप्रिल 2017 रोजी पंतप्रधानांनी शिमल्यातून उडानच्या पहिल्या उड्डाणांना झेंडा दाखवला, त्यात आपल्या नांदेड-हैदराबाद मार्गाचं विमान तिचंच होतं. 2019 मध्ये ती जळगावलाही आली, अहमदाबाद आणि मुंबई जोडली. एटीआर विमानं होती, लोकांनी वापरलीही. फेब्रुवारी 2022 मध्ये तिचीही उड्डाणं थांबली.

आता कुणी म्हणेल, तुमच्या गावात प्रवासीच नसतील हो. म्हणून देशाचा आकडा सांगतो. महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, 2023 च्या अहवालात उडानचा हिशेब मांडला. पहिल्या तीन टप्प्यांत 774 मार्ग दिले गेले. त्यातले 403 सुरूच झाले नाहीत. जे 371 सुरू झाले, त्यातल्या फक्त 112 मार्गांनी अनुदानाची तीन वर्षं पूर्ण केली. आणि तीन वर्षं संपल्यावरही मार्च 2023 पर्यंत चालू राहिलेले मार्ग किती? 54. शंभरात सात.

774 मध्ये 54 टिकत असतील, तर दोष एकट्या गावाचा नसतो आणि एकट्या मालकाचाही नसतो. रचनेतच काहीतरी चुकतंय.

चुकतंय काय, ते माझ्या अडाणी बुद्धीने सांगतो. अनुदान तीन वर्षांचं. मार्गाला लोकांची सवय व्हायलाच दोन वर्षं लागतात. व्यापारी आपलं वेळापत्रक विमानाभोवती कधी बांधेल? विमान रोज, ठरलेल्या वेळेला, सहा-आठ महिने न चुकता आलं तर. आठवड्यातून तीन दिवस येणारं आणि त्यातलं एक रद्द होणारं विमान ही चैन आहे, सोय नाही. जळगाव-मुंबई रात्रीच्या गाडीने सकाळी पोचतो. दुपारी अडीचला मुंबईत सोडणारं विमान त्या गाडीशी स्पर्धा करूच शकत नाही, भाडं दोन हजार असो की दोनशे.

स्वतःचा अनुभव सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा कंपनीचा नाही. काही वर्षांपूर्वी राज्यातल्याच दुसऱ्या एका छोट्या विमानतळावरून मला वडिलांना घेऊन मुंबईला दवाखान्यात जायचं होतं. डॉक्टरांची वेळ दीड महिन्यापूर्वी घेतलेली. पहाटे पावणेपाचला मोबाईलवर मेसेज आला, "तांत्रिक कारणामुळे उड्डाण रद्द." वडील कपडे घालून, डोक्याला टोपी घालून खुर्चीत बसलेले. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होते. शेवटी गाडी केली, नऊ तास रस्त्याने गेलो, डॉक्टरांची वेळ चुकली ती चुकलीच. तिकिटाचे पैसे सात महिन्यांनी आले. वडील परत येताना एवढंच म्हणाले, "यापेक्षा एसटी बरी. ती येते तरी." त्यानंतर त्यांनी विमानाचं नाव काढलं नाही. एक प्रवासी कायमचा गेला. असे किती गेले असतील?

काही मित्र म्हणतात, बुडू द्या ना, धंदा आहे, ज्याला जमेल तो राहील. विमानाने जाणाऱ्याला सरकारी पैसा कशाला? आधी एसटी नीट करा.

एसटी नीट करा, हे शंभर टक्के मान्य. लाल परी बंद पडली तर शाळेतल्या मुलींचं शिक्षण बंद पडतं, विमान बंद पडलं तर नाही. आणि रिकामी विमानं उडवायला सरकारने पैसे ओतावेत, असं माझंही म्हणणं नाही. पण "बुडू द्या" म्हणणाऱ्यांनी डिसेंबर 2025 आठवावा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, इंडिगोची तयारी कमी पडली आणि आठवडाभरात देशात हजारो उड्डाणं रद्द झाली. बाकीच्या तिकिटांचे भाव एवढे चढले की सरकारला कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं. एका कंपनीला शिंक आली आणि देश आडवा झाला, कारण देशांतर्गत बाजाराचा साठ टक्क्यांहून जास्त हिस्सा तिच्याकडे. लहान कंपन्या एकेक करून गेल्या, त्याची ही किंमत आहे. ती किंमत मामांसारखा रुमाल टाकणारा माणूसच भरतो.

मग करायचं काय? आपल्या खासदार-आमदारांना पुढच्या वेळी निवेदन द्यायला जाल, तेव्हा "विमान सुरू करा" एवढंच लिहू नका. हे चार मुद्दे लिहा.

एक, वेळ. मुंबईत सकाळी पोचवणारी आणि संध्याकाळी परत आणणारी वेळ मिळाली पाहिजे. नवी मुंबईचा विमानतळ झाला आहे, तिथे राज्यातल्या छोट्या गावांसाठी काही वेळा राखून ठेवा. हे काम मालकाच्या धाडसाने होत नाही, राजकीय वजनाने होतं.

दोन, इंधन. विमानाचं इंधन अजून जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा वेगळा कर. आपल्या राज्याने 2023 मध्ये मुंबई-पुण्याकडचा कर 25 वरून 18 टक्के केला, उडानच्या विमानतळांवर तो एक टक्काच आहे. पण छोटं विमान रात्री जिथे थांबतं आणि इंधन भरतं, ते बहुतेक मोठं शहरच असतं. पूर्वी छोट्या विमानांना सवलती दिल्या, ऐंशीपेक्षा कमी आसनं असतील तर उतरण्याचं शुल्कही माफ केलं, तेव्हाच पहिली डेक्कन उभी राहू शकली होती. म्हणजे धोरणाने फरक पडतो.

तीन, अनुदान. ते वेळेवर द्या आणि वेळ पाळण्याशी जोडा. उड्डाण झालं, वेळेवर झालं, तर पूर्ण पैसे. रद्द झालं तर कपात. आणि तीन वर्षं संपल्यावर एकदम नळ बंद करण्याऐवजी दरवर्षी थोडं थोडं कमी करा.

चार, आपले पैसे. आपण तिकीट दोन महिने आधी काढतो, म्हणजे कंपनीला बिनव्याजी कर्जच देतो. कंपनी बुडाली की देणेकऱ्यांच्या रांगेत आपण शेवटी. प्रवास होईपर्यंत हे पैसे वेगळ्या खात्यात का ठेवू नयेत? घर घेणाऱ्यांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याचा नियम रेरा कायद्याने आणला. तिकिटाला तसा नियम का नको?

आणि एक काम आपलंही आहे. मार्च 2024 पासून गोव्याची फ्लाय-91 उडायला लागली. एकाच जातीची एटीआर विमानं, आणि आपलं जळगाव, सिंधुदुर्ग, सोलापूर अशी गावं. तिचे प्रमुख मनोज चाको एकेकाळी किंगफिशरमध्येच होते, म्हणजे पडझड जवळून पाहिलेला माणूस. डेक्कनच्या चुकांमधून तिने काय घेतलं ते काळच सांगेल. पण जाहिरातीतलं भाडं बघून एकदा सेल्फीपुरतं बसायचं आणि नंतर "विमान का बंद झालं" म्हणून ओरडायचं, हे आपणही थांबवायला हवं. व्यापारी संघटनांनी, दवाखान्यांनी, कॉलेजांनी एकत्र बसून वर्षाला किती आसनं नक्की भरू शकतो, याचा आकडा काढून कंपनीसमोर ठेवला तर हारापेक्षा त्याची किंमत जास्त.

पुतण्याला मी एवढं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे काका, सिनेमा अर्धाच होता."

अर्धाच होता. गोपीनाथांनी त्यांचा अर्धा भाग जीव तोडून केला. दुसऱ्या अर्ध्यात सरकार आहे, विमानतळ आहे, तेल आहे, बँक आहे आणि आपणही आहोत. पुढच्या वेळी विमानतळावर कुणी नारळ फोडेल, तेव्हा खोबरं जरूर खा. पण तिथेच, माईक चालू असताना, साहेबांना विचारा: तिसऱ्या वर्षानंतर हे विमान कशावर चालणार आहे?

उत्तर नीट आलं, तर पेढे माझ्याकडून.